ग्रंथपालाचा चार्ज: रजिस्टरात नसलेलं कुणाच्या हवाली करायचं?

दाखल_क्रमांक | शनिवार, रात्री ९:५०

येत्या मे अखेरीस निवृत्त होतेय. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३३ वर्षं झाली. कॉलेजचं नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील अशी आशा आहे.

चार्ज देताना काय द्यायचं ते कागदावर अगदी स्पष्ट असतं. ॲक्सेशन रजिस्टरं (दाखल झालेल्या पुस्तकांच्या नोंदवह्या), ग्रंथगणनेचा अहवाल, नियतकालिकांची यादी, कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, सॉफ्टवेअरचे पासवर्ड, थकबाकीदारांची यादी (त्यात दोन माजी प्राध्यापक आहेत, तो वेगळा धागा होईल). सह्या झाल्या की सुटलो. पण माझी जागा इतक्यात भरली जाईल असं दिसत नाही. तात्पुरता कार्यभार ऑफिसातल्या एका क्लार्ककडे जाईल. त्याचा दोष नाही, त्याला स्वतःचंच काम पुरून उरतं. मग मला बाईंनी जे दिलं ते मी कुणाला देऊ?

बाई म्हणजे मी १९९३ मध्ये सहायक म्हणून लागले तेव्हाच्या आमच्या ग्रंथपाल. पहिले तीन आठवडे त्यांनी मला रजिस्टराशिवाय कशाला हात लावू दिला नाही. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर. खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर लाल शाईने एकच रेघ, वर बरोबर लिहायचं, शेजारी सही. मी एकदा ब्लेडने खरवडून चूक काढली. बाईंनी ते पान खिडकीच्या उजेडात धरून पातळ झालेला कागद दाखवला. म्हणाल्या, "चूक दिसायला हवी गं. उद्या कुणी विचारलं तर सांगता यायला पाहिजे, इथे चुकलो आणि इथे दुरुस्त केलं."

चौथ्या आठवड्यात त्यांनी मला गुप्त पान सांगितलं. बाहेरच्यांसाठी: शीर्षकपानावर शिक्का असतोच, पण प्रत्येक ग्रंथालयाचं आतलं एक पान ठरलेलं असतं, त्यावरही शिक्का मारून दाखल क्रमांक घालतात. चोराने पुढची पानं फाडली तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. बाईंनी तो आकडा कानात सांगितला, त्या दिवशी मला खरी नोकरी लागली असं मी धरते. नेमणुकीचं पत्र महिनाभर आधीच मिळालं होतं.

मग वर्गीकरण. आमच्याकडे ड्यूई दशांश पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, हे तक्त्यात बघून कुणीही करेल. मी अडले एका दलित आत्मकथनाशी. साहित्यात घालू, ९२० ला चरित्रांत, की ३०५.५ ला समाजशास्त्रात? बाईंनी उत्तर दिलंच नाही. "शोधायला कोण येणार आहे?" एवढंच विचारलं. दोन दिवस काउंटरवर बसून पाहिलं, मराठीची मुलं येत होती. म्हणून साहित्यात ठेवलं आणि पुस्तकांच्या कार्डांच्या कपाटात समाजशास्त्राच्या ड्रॉवरमध्ये त्याचं एक जादा कार्ड टाकलं. पुढच्या वर्षी समाजशास्त्राची एक मुलगी त्याच कार्डावरून ते पुस्तक मागायला आली. तो आनंद कुणाला सांगायचा? घरी सांगितला तर नवऱ्याने विचारलं, "मग? दिलंस का?"

बाई २००१ मध्ये निवृत्त झाल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आमच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी होतं. मी २८ च्या सकाळी कशीबशी पोचले, तर बाई आधीच आलेल्या. साडी खोचलेली, हातात टिपकागदाचा गठ्ठा. "ओलं पुस्तक उघडायचं नाही. गुळगुळीत कागदाची आधी घे, ती सुकली की वीट होते. बुरशीला दोन दिवस लागतात, म्हणजे आजचाच दिवस आपला." कुणीतरी म्हणालं उन्हात घालू. जुलैतल्या मुंबईत ऊन! तरी बाईंनी त्यालाही नीट समजावलं की उन्हाने बांधणी वाकते, वाऱ्यावरच सुकवायचं. वीज नव्हती, म्हणून व्हरांड्यात पुस्तकं उभी करून, पाणी निथळल्यावर पानं फाकवून ठेवली. कायद्याच्या अहवालांची खालची फळी गेलीच. बाकी बरंच वाचलं. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं. चार्ज देऊन चार वर्षं झाली होती.

आता माझा प्रश्न. तुमच्यापैकी जे अशाच कामातून निवृत्त झाले (ग्रंथालयच असायला पाहिजे असं नाही), त्यांनी हे असलं काय केलं? लिहून ठेवलंत, कुणाला हाताशी धरलंत, की सोडून दिलंत?

---

खारेदाणे | शनिवार, रात्री १०:१५

ताई, आधी माजी प्राध्यापकांचा धागा काढा. बाकी वाचतोय.

---

ब_वर्ग | शनिवार, रात्री ११:०२

मी गिरगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात १९ वर्षं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यावर अनुदान ठरतं, आमचा ब. पगाराबद्दल बोलत नाही, उगाच धाग्याला दुःखाची कळा येईल.

मला शिकवलं ते ग्रंथपालांनी नाही, शिपाईमामांनी. ते मासिकांची पिशवी खांद्याला लावून चाळीचाळींत घरपोच पुस्तकं द्यायचे. आमच्याकडे जुन्या कादंबऱ्या उघडल्यात तर एखाद्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची टिंबं, फुल्या, आद्याक्षरं दिसतील. आपण हे वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून वाचकच करतात. मला आधी राग यायचा, मी खोडरबराने पुसत बसायचो. मामा म्हणाले, "साहेब, पुसू नका. ते सानेगल्लीतल्या आजींचं टिंब. दहाव्या पानावर असतं. टिंब नसलेलंच पुस्तक न्यायचं त्यांना." मामांना अशी पंधरा-वीस घरं पाठ होती. कुणाला रहस्यकथा चालते पण खून नको, कुणाला मोठा टाइप लागतो, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून या आठवड्यात विनोदी द्यायचं.

मामा गेले. त्यांचा चार्ज कुणी घेतला नाही, कारण शिपायाकडे चार्ज असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. सहा महिन्यांत घरपोच वर्गणीदार निम्मे झाले. समितीत ठरलं की लोकांची वाचनाची आवड कमी झाली.

---

सायलेंट_झोन | रविवार, सकाळी ७:४०

ब_वर्ग, तुमचं शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला.

---

नाकासमोर | रविवार, सकाळी ९:२०

सगळे गहिवरलेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो.

मी एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करून एका ग्रंथालयात दोन वर्षं होतो. माझ्याही वरिष्ठांना गुरू व्हायची हौस होती. पहिलं वर्ष धूळ झटकणं आणि पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवणं, "पाया पक्का होतो" म्हणून. सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्यांच्याकडे. ते रजेवर गेले की देवघेव वहीत. काही विचारलं की "कळेल हळूहळू". मला हळूहळू एवढंच कळलं की आपण फुकटचे मजूर आहोत. सोडलं. आता एका औषध कंपनीत कागदपत्रांचं वर्गीकरण आणि शोधव्यवस्था बघतो. काम तेच, पगार तिप्पट, आणि पहिल्या दिवशी सगळे पासवर्ड हातात.

ताई, राग मानू नका, पण गुप्त पान कानात सांगणं हेही त्यातलंच. ज्ञान दाबून ठेवायचं, मग थोडं थोडं प्रसादासारखं वाटायचं. बाईंना तो आकडा पहिल्या दिवशी सांगता आला असता.

---

दाखल_क्रमांक | रविवार, सकाळी ११:३५

@नाकासमोर, राग कसला. रात्रभर हेच डोक्यात होतं, तुम्ही लिहायच्या आधीपासून.

मुख्य धाग्यात मी फक्त बाईंबद्दल लिहिलं. स्वतःबद्दल लिहायचं टाळलं. मी ग्रंथपाल झाल्यावर माझ्याकडे पहिली शिकाऊ मुलगी आली, हुशार, डोंबिवलीहून यायची. नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) समिती येणार होती, मी धास्तावलेली. सहा महिने तिला लेबलं, बारकोड आणि अहवालाच्या झेरॉक्स यांतच ठेवलं. तिने एकदा विचारलं, "मॅडम, मी काउंटरवर बसू?" मी म्हटलं समिती जाऊ दे, मग बघू. समिती गेली, त्याच महिन्यात तीही गेली. बँकेच्या परीक्षा देतेय असं नंतर कळलं. बाईंनी मला तीन आठवडे रजिस्टराला बसवलं होतं, पण रोज शेजारी बसून. मी तिला नुसतंच बसवलं. हा फरक मला तेव्हा दिसला नाही. लाल रेघ, शेजारी माझी सही.

गुप्त पानाचं म्हणाल तर पटतंय अर्धं. पहिल्या दिवशी सांगायला हरकत नव्हती.

दुसरा शिकाऊ आला तोवर थोडी अक्कल आली होती. आसनगावचा मुलगा, सहा आठवड्यांसाठी. तेव्हा आम्ही जुना डेटा युनिकोडमध्ये नेत होतो. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फॉन्ट काढला की सगळी खिचडी. ते कसंबसं बदलून घेतलं, तरी काही पुस्तकं शोधूनही सापडेनात. कपाटात आहेत, पडद्यावर नाहीत. मी म्हटलं स्पेलिंग चुकलं असेल. ह्रस्वदीर्घ तपासलं, 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' दोन्ही करून पाहिलं. तो दोन दिवस खुर्चीला चिकटून बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, हे 'ऱ्या' बघा." 'दऱ्या', 'वाऱ्या', 'खऱ्या' यांतला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना अगदी सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. एक शोधलं की दुसरं सापडत नाही. ३३ वर्षांत मला इतकं साधं आणि इतकं उपयोगी फार कमी लोकांनी शिकवलंय. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली आणि तो तेवीसचा.

त्याच्या बदल्यात मी त्याला काउंटर दिला. गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरायची धामधूम चालू होती. लालबागचे एक गृहस्थ आले. आमचे सभासद नव्हते, पण वॉचमनने सोडलं. म्हणाले, "बेऐंशी सालचे पेपर पाहिजेत, संपाचे." मुलगा म्हणाला, आमच्याकडे नाहीत, नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात विचारा. उत्तर बरोबरच होतं. मी मध्ये पडले, तोंडात बाईंचं वाक्य: तीन प्रश्न विचार, चौथा विचारू नकोस. पेपर कशाला हवेत? गिरणीत होतो हे दाखवायला. कुणाला दाखवायचंय? घराच्या अर्जाला. तुमचं गिरणीचं तिकीट, हजेरीकार्ड, फंडाची पावती, काही आहे? तर गृहस्थ म्हणाले, तिकीट आहे की घरी, पत्र्याच्या डब्यात. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे पेपरातून सिद्ध झालं असतं. ते स्वतः गिरणीत होते हे सिद्ध झालं नसतं. नायगावला गेले असते तर दिवस फुकट जाऊन हात हलवत परतले असते. चौथा प्रश्न, घर मिळालं तर कुणाच्या नावावर करणार, हा माझ्या ओठांवर होता. तो विचारायचा नसतो.

---

लूपमधला | रविवार, दुपारी १:१०

छान किस्से आहेत, पण वस्तुस्थिती बघा. वर्गांक आयता ऑनलाइन मिळतो, विषयसूची मशीन बनवतं, आणि तुमचे ते तीन प्रश्नसुद्धा आता चॅटजीपीटी विचारतो. जी जागा भरणारच नाहीत तिचा वारसा कशाला शोधायचा? स्पष्ट बोललो.

---

ब_वर्ग | रविवार, दुपारी १:२५

चॅटजीपीटीला सानेगल्लीतल्या आजींचं टिंब दाखवून बघा.

---

दाखल_क्रमांक | रविवार, दुपारी २:४०

@लूपमधला, मी त्याच्या विरोधात नाही, मीही वापरते. पण गेल्या दोन वर्षांत माझं एक नवीनच काम वाढलंय. मुलं संदर्भांची यादी घेऊन येतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिकाचं नाव खरं, वर्ष, खंड, पृष्ठ क्रमांक सगळं चोख, आणि तो लेखच अस्तित्वात नसतो. मशीनने रचलेला. मुलाला वाटतं आमच्याकडे नाही. मी आधी त्याला सांगायचे की जगातच नाही, तर तो माझ्याकडे संशयाने बघायचा. आता मी सांगत नाही. शेजारी बसवते, त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायला लावते, आणि त्यालाच शोधू देते. दहा मिनिटं जातात. पुढच्या वेळी तो यादी स्वतः तपासून येतो.

वाङ्मयचौर्य तपासायचं कामही बऱ्याच कॉलेजांत ग्रंथपालाकडेच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, म्हणून प्रबंधवाले येऊन विचारतात, "मॅडम, १४ चं ९ करून द्या ना." तेही मशीनला विचारतात म्हणा. मशीन करून देतं. मी नाही देत.

---

पंचसूत्री | रविवार, दुपारी ४:०५

गुरूची गरज कुणाला नव्हती? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. भाषणांत पाच सूत्रं येतात, पण ही गोष्ट कुणी सांगत नाही. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत एवढे कंटाळले की परत शिकवायला जायला निघाले होते. मग लंडनला पाठवलं गेलं. तिथे बर्विक सेयर्स भेटले. क्रॉयडनचे ग्रंथपाल, वर्गीकरण शिकवायचे. त्यांनी या कंटाळलेल्या गणितज्ञाला इंग्लंडातली ग्रंथालयं फिरून बघायला लावली. त्याच मुक्कामात सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचा (तुकडे जोडून हवं ते बनवायच्या खेळण्याचा) संच बघून द्विबिंदू वर्गीकरणाची, म्हणजे विषयाचे तुकडे जोडून वर्गांक बनवायची, कल्पना सुचली. १९३१ ला पाच सूत्रं, १९३३ ला द्विबिंदू पद्धत. वर्गीकरण शिकवणाऱ्याच्या शिष्याने वर्गीकरणाचीच वेगळी वाट काढली. सेयर्सनी "पाया पक्का कर" म्हणून क्रॉयडनला लेबलं चिकटवायला बसवलं असतं तर?

---

नाकासमोर | रविवार, दुपारी ४:२०

+१. माझंच म्हणणं, फक्त सूट-बूट घालून.

---

ऑडिटवाले_काका | रविवार, सायंकाळी ६:३०

दाखल_क्रमांक ताई, भावना राहू द्या बाजूला. ग्रंथगणना पूर्ण झाल्याशिवाय सही करू नका. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत, वर्षात दिल्या-वापरलेल्या पुस्तकांमागे हजारी पाच गहाळ होणं क्षम्य धरलंय, पण हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं असेल तर चौकशी करावीच लागते. तुमच्या कॉलेजला कुठले नियम लागतात ते लेखी विचारून घ्या. मी चार्ज दिल्यावर तीन वर्षांनी निवृत्तिवेतन अडकलेले लोक पाहिलेत. माजी प्राध्यापकांना आजच पत्र टाका. पोच ठेवा.

---

खारेदाणे | रविवार, सायंकाळी ६:३३

मी कालपासून हेच म्हणतोय.

---

नवी_एमलिब | रविवार, रात्री ९:१५

पहिल्यांदाच लिहितेय. गेल्या वर्षी एम.लिब. झाले. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, मार्चमध्ये संपेल. नेट परीक्षेची तयारी चालू आहे. कॉलेजात मला सॉफ्टवेअर शिकवलं, मार्क २१ (संगणकात पुस्तकाची नोंद करायचा ठरलेला नमुना) शिकवलं. २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय, हे झोपेतही सांगेन. पण "शोधायला कोण येणार आहे?" हा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नाही.

मॅडम, तुमचा धागा तीनदा वाचला. विचारायला संकोच वाटतोय. मी कांजूरमार्गला राहते. शनिवारी मोकळी असते. तुमच्याकडे येऊन बसलं तर चालेल का? प्रमाणपत्र वगैरे काही नको.

---

सायलेंट_झोन | रविवार, रात्री ९:२२

ताई, चार्ज घ्यायला माणूस आला.

---

दाखल_क्रमांक | रविवार, रात्री १०:०५

@नवी_एमलिब, ये. प्राचार्यांना उद्या विचारते, नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणाले तर वाचक म्हणून ये.

दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर नाकासमोर मला सोडायचे नाहीत. लेबलं तू चिकटवणार नाहीस. आणि पहिल्याच दिवशी काउंटरवर बसायचं, मी मागे असेन. शंभर पुस्तकांचे वर्गांक ऑनलाइन न बघता हाताने काढायचे, मग एकेकावर भांडू. तू चुकशील, मीही चुकेन. लाल पेन मी आणते. ड्यूईचे तक्ते तुझ्याकडे नसतील तर आमच्याकडे आहेत, खंड जाड आहेत, रिकामी पिशवी आण. ६५० मध्ये मराठी विषयशीर्षकं कशी द्यायची यावर माझे आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. त्यात तुझी मदत लागेल, कारण मला त्यातलं तुझ्याइतकं येत नाही.

@ऑडिटवाले_काका, ग्रंथगणना याच शनिवारपासून सुरू करतेय. पत्रं उद्या टाकते, पोचदेय.

---

लूपमधला | रविवार, रात्री १०:२०

बरं, एक सांगा. गुप्त पान किती नंबरचं?

---

दाखल_क्रमांक | रविवार, रात्री १०:२४

इथे नाही सांगणार. तिला शनिवारी सांगते, आल्या आल्या.

---

नवी_एमलिब | रविवार, रात्री १०:३१

मॅडम, किती वाजता येऊ?

---

दाखल_क्रमांक | रविवार, रात्री १०:३३

साडेनऊला. जुने कपडे घाल, वरच्या फळ्यांवर धूळ फार आहे. डबा आण, कॅन्टीन शनिवारी बंद असतं.